छपरापुरतं

आमचे कर्जतचे घरमालक कादंबऱ्या शिवत असत. लिहीत असत असं मी म्हटलेलं नाही, शिवतच असत. पुस्तक वाचत वाचत शेवटच्या प्रकरणापाशी आलं की त्या प्रकरणाची सगळी पानं एकत्र धरायची, कडेनं काळ्या दोऱ्याचे टाके घालायचे, गाठ मारायची, दोरा दातानं तोडायचा आणि पुस्तक फडताळात ठेवून द्यायचं. सुई त्यांच्या पगडीत खोचलेली असे. ही पगडीसुद्धा फक्त वाचायला बसतानाच डोक्यावर चढे. बाहेर जाताना टोपी, देवळात उघडं डोकं आणि कादंबरीला पगडी, असा त्यांचा रिवाज होता.

लग्न होऊन मी खालापुराहून कर्जतला आले ती त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. आमचे हे स्टेशनावर मालगुदामात कारकून होते. मालकांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. पहिल्याच दिवशी काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांच्या हातात सुई दिसली तर घाबरू नकोस हो. माणसांना काही करत नाहीत."

मालकांनी कचेरीतली नोकरी सोडली होती. थोडी भाताची जमीन आणि आम्हां भाडेकरूंचं भाडं, यावर त्यांचं चाले. भाडं द्यायला हे गेले की मालक म्हणत, "ते ठेवा हो तिकडे. आधी सांगा, कालचं प्रकरण कसं वाटलं?" आणि प्रकरण ह्यांनी ऐकलेलंच नसलं की भाडं राही बाजूला आणि ह्यांची हजेरी सुरू होई.

लोक पोथी लावतात तशी मालक कादंबरी लावत. तिसऱ्या प्रहरी ओटीवर पाट, पाटावर पुस्तक, पुस्तकाला एक फूल. समोर पुरुषमंडळी. दाराआड माजघरात आम्ही बायका. अंगणाच्या कडेला ठाकरवाडीची बुधी. सकाळी मोळी विकायला आली की जाताना ती इथं टेकायची आणि प्रकरण संपल्याशिवाय उठायची नाही. नायिका जंगलात वाट चुकली असेल तर ती सापडेपर्यंत मालक चहा घेत नसत आणि कुणाला घेऊही देत नसत. पुस्तकातला कुणीही श्रीमंत माणूस तोंड उघडू लागला की मालक नाकातून बोलत, पडसं झाल्यासारखं. राजा, सावकार, दिवाण, सगळ्यांना पडसं. आम्ही आत पदर तोंडात कोंबून हसायचो.

"कादंबरी म्हणजे काय?" असं ते विचारत आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगू लागत. "एक माणूस मनात काहीतरी धरून घराबाहेर पडतो. कुणाला गाणं शिकायचंय, कुणाला आंधळ्या आईसाठी वैद्य आणायचाय. निम्म्या पुस्तकापर्यंत तो आपला असतो. मग त्याला सापडतो मोहरांचा हंडा! नाहीतर इंदूरचा निपुत्रिक काका मरतो. झालं! गाणं गेलं, वैद्य गेला, आईचं तर नावच नाही. शेवटच्या प्रकरणात हा लोडाला टेकून पान खातोय आणि लेखक लिहितो, सर्व सुखी झाले. अरे, कोण सुखी झाले? ज्याच्यासाठी आम्ही जीव टाकत होतो तो तर केव्हाच मेला! लेखकानं शेवटी त्याला बाजारात नेऊन विकला. मला ते बघवत नाही. म्हणून शिवतो."

"पण तुम्ही वाचलंय का ते शेवटचं प्रकरण?" ह्यांनी एकदा विचारलं.

"वाचायला कशाला हवं? वास येतो." आणि मालकांनी पुस्तक खरोखर नाकाशी धरून हुंगलं.

शिवून झालं की ते सगळ्यांकडे बघत. "हं, आता बोला. पुढं काय व्हावं?" मग ज्यानं त्यानं आपापला शेवट सांगायचा. पोस्टातले एक गृहस्थ दरवेळी नायकाला संन्यास देत. बुधीचं एकच असे, "लगीन लावून टाका."

"अगं, कुणाचं?"

"दोगं बी मोकळी हायत ना? मंग लावा की! उगी कशाला रखडवताय?"

एका पावसाळ्याआधी मालकांनी एक कादंबरी लावली होती, ती मला अजून पानापानाला आठवते. एका होडीवाल्याचा मुलगा. त्याची आई पुरात नदी ओलांडताना बुडाली. या नदीवर पूल बांधायचा, असं मनात धरून तो बाहेर पडतो, दगडाचं काम शिकतो, नाव कमावतो. एक राजा त्याला बोलावून घेतो. म्हणतो, माझा राजवाडा बांध, जहागीर देतो, पूल काय, मागाहून कधीही बांधशील. इथं मालकांनी वास घेतला आणि पगडीतली सुई काढली. "घेतोय हा जहागीर! घेतोय! लावा पैज!" असं ओरडत त्यांनी टाके घातले. इतके ओढून घातले की एक पान टरकलं.

"बोला, पुढं काय व्हावं?"

काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "तू म्हणत होतीस ना मघाशी काहीतरी? बोल की!" मी नवी सून, समोर बाप्ये बसलेले, हे तर समोरच. पण तोंडातून निघूनच गेलं. दाराआडून म्हटलं, "तो घरी जाईल."

"का म्हणून?" मालक दाराकडे वळले.

"नदी घरी आहे. राजवाड्यात बसून तिच्यावर पूल कसा बांधणार?"

मालकांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, लेखकाला जमलं नसतं ते तुम्ही दाराआडून केलंत." ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रागवावं की मिरवावं, त्यांना कळेना.

त्याच दिवशी मालकांनी आपल्या मनातलं सगळ्यांपुढे काढलं. घरामागं उल्हास नदीच्या बाजूला त्यांची एक पट्टी पडून होती. तिथं वाचनालय बांधायचं. कुणीही यावं, कुणीही वाचावं, ज्याला वाचता येत नाही त्यानं ऐकावं. बुधीला अंगणाच्या कडेला बसायला लागू नये. "आणि दुपारची वेळ बायकांची," मालक म्हणाले. "तेव्हा आत एकही बाप्या येता कामा नये. किल्ली सूनबाईंकडे."

किल्ली माझ्याकडे! माहेरी दुसरी इयत्ता झाल्यावर माझं पुस्तक काढून हातात पोळपाट दिला होता. त्या रात्री मी ह्यांना चार वेळा विचारलं, मालक खरंच म्हणाले ना? हे कूस बदलून म्हणाले, "म्हणाले हो, झोप आता." त्या दिवसापासून काकू ताटाखाली झाकून मला पुस्तकं आणून देऊ लागल्या. स्वतः त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणायच्या, "मी वाचनालयाला झाडू मारीन, सडा घालीन. तू वाच, मी ऐकेन."

जोतं आम्ही सगळ्यांनी मिळून घातलं. मालकांचा हट्ट, की प्रत्येक घरातून एक धोंडा यायला पाहिजे आणि तो ज्यानं त्यानं स्वतः उचलून आणला पाहिजे. संक्रांतीच्या सुमारास नदीला पाणी कमी असतं. धुण्याचं निमित्त करून आम्ही बायका गेलो आणि येताना धुण्याबरोबर एकेक धोंडा घेऊन आलो. माझा काळाभोर होता, मधून पांढरी रेघ गेलेली. खांदा सोलून निघाला, पण मी कुणाला हात लावू दिला नाही. बुधीच्या वाडीनं कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडून आणली. मालक काही देऊ लागले तर म्हातारा ठाकर म्हणाला, "सरसोतीचं घर हाय ना? मंग आमाला कायबी नगं." धोंड्यांवर माती पडली, चोपली, आम्ही शेणानं सारवलं. कारवी एका बाजूला रचून ठेवली. राहिलं ते फक्त छप्पर.

आणि त्या छपरानं सगळ्याचं वाटोळं केलं.

तेव्हा जर्मनची लढाई चालू होती. लढाईतल्या घोड्यांना गवत लागे, मुंबईच्या तबेल्यांना लागे ते वेगळंच, आणि आमच्या भागातले डोंगर तर गवतानं भरलेले. मुंबईचा एक दलाल स्टेशनावर उतरला तो मालकांच्या ओटीवर येऊन बसला. मालक जाणते, ओळखीपाळखीचे, ठाकर त्यांचा शब्द मानणारे. दोन दिवस बोलणी झाली. मग मालक आत आले आणि काकूंना म्हणाले, "छपरापुरतं गवत घेऊ. एक हंगाम. कौलं आणि वासे निघाले की बंद."

काकूंनी भांडवलाला म्हणून हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. मी तिथंच होते. साबण लावून पाटल्या काढताना त्या हसत होत्या. म्हणाल्या, "छप्पर सोन्याचं झालं बाई आपलं!"

मला मालकांचा राग आहे तो त्यांनी व्यापार केला म्हणून नाही. व्यापार करणारी माणसं काय थोडी आहेत? पण त्यांनी कधी कादंबऱ्या शिवल्या नव्हत्या. माझा राग आहे तो हा, की सगळं कळत असून त्यांनी हे केलं. पुस्तकातल्या हंड्याचा वास घेणारं नाक स्वतःच्या ओटीवर का बंद झालं? आणि इतकं सावकाश, इतकं गोड बोलत झालं, की आम्हांलाही कळायला उशीर लागला. पुस्तकातल्या श्रीमंतांसारखा त्यांचा आवाज नाकातला झाला असता तर आम्ही सावध झालो असतो. पण आवाज शेवटपर्यंत तसाच मायाळू राहिला.

पहिल्यांदा मला खटकलं ते दसऱ्यानंतर. ओटीवर वाचन चालू होतं. एक गरीब गवई दरबाराच्या दाराशी उभा होता, आत घेतात की नाही असा प्रसंग. तेवढ्यात बुधी आली. आता ती मोळीऐवजी गवताचा भारा आणत असे. भारा उतरवून ती नेहमीसारखी कडेला बसली. मालकांनी पुस्तकात बोट घातलं, उठले, अंगणात गेले आणि भाऱ्यात कोपरापर्यंत हात खुपसला.

"ओलं आहे, बुधी."

"दव पडलंया, मालक. सुकंल की. आधी फुडं वाचा ना. त्याला आत घेत्यात का न्हाई?"

"आधी गवत, मग गोष्ट."

मग ओलं किती, सुकं किती, यावर घासाघीस सुरू झाली. आम्ही आत वाट बघत बसलो. पुरुषमंडळी एकेक करून उठली. मालकांच्या एका हातात पुस्तक होतं, बोट अजून पानात. बोलता बोलता हातवारे करायला म्हणून त्यांनी ते बोट काढून घेतलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. पुस्तक मिटलं. त्या गवयाला आत घेतलं की नाही ते आजतागायत आम्हांला कळलेलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी वाचन झालं नाही, तिसऱ्या दिवशी नाही आणि मग पुन्हा कधीच नाही.

पुढच्या पावसाळ्यात खालून ओल लागेल म्हणून गवत जोत्यावर रचलं आणि वरून ताडपत्री टाकली. "एवढ्या पावसाळ्यापुरतं," मालक म्हणाले. त्यानंतर एके सकाळी मागं ठोकाठोक ऐकू आली. मी खिडकीतून पाहिलं तर जोत्यावर खांब उभे, वर पत्रे चढतायत. अहो, मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले! काकूही आल्या. छप्पर झालं होतं, खरंच झालं होतं. आणि खाली जमिनीपासून पत्र्यापर्यंत गवताच्या गासड्या. भिंतींना बुधीच्या वाडीची कारवी. दाराला कुलूप आणि किल्ली मालकांच्या जानव्याला.

"मालक," मी म्हटलं. समोरासमोर त्यांच्याशी बोलायची ती माझी पहिलीच वेळ. "हे वाचनालयाचं छप्पर ना?"

"हे कसलं छप्पर, सूनबाई!" ते मायेनं म्हणाले. "पत्र्याखाली पावसाळ्यात वाचलेलं ऐकू तरी येईल का? हे गवताला राहू दे. तुमच्यासाठी मी चांगली पक्की इमारत बांधणार आहे. वर मंगळुरी कौलं. जरा दम धरा. तेवढ्या छपरापुरतं जमू द्या."

बुधी भारा घेऊन आली तेव्हा त्या कुडापाशी थांबली. हातानं कारवी चाचपून बघितली. "मालक, ह्यो कूड आमी सरसोतीला दिल्ता. गवताला नव्हं." मालक हसून म्हणाले, "अगं, सरस्वतीचंच गवत आहे हे." बुधी हसली नाही. पोट होतं, त्यामुळे गवत ती आणत राहिली, पण अंगणात पुन्हा बसली नाही. मी ह्यांच्यापाशी संतापले तर हे म्हणतात, "जागा त्यांची, गवत त्यांचं. आपण भाडेकरू. तू कशाला तोंड घालतेस?" जळलं मेलं ते भाडेकरूपण! धोंडा आणताना नाही कुणी विचारलं, भाडेकरू आहेस का म्हणून.

लढाई संपली, धंदा राहिला. मालकांच्या घराला मजला चढला. मुंबईहून काचेचं कपाट आलं. फडताळातल्या कादंबऱ्या पुसून त्यात उभ्या केल्या आणि त्यालाही कुलूप. भाड्यासाठी दिवाणजी येऊ लागला आणि त्यानं प्रकरण कसं वाटलं ते कधी विचारलं नाही. पगडी कुठं गेली देव जाणे. एकदा मुंबईचे कोणी पाहुणे आले होते. काकूंच्या हाताखाली मी पोहे नेऊन ठेवत होते. पाहुण्यांनी एक पुस्तक काढून बघितलं आणि विचारलं, "हे शिवलंय का कुणी?"

"तो माझा एक वेडा चाळा होता पूर्वी," मालक म्हणाले आणि दोघं हसले. माझ्या हातातली बशी मी इतक्या जोरानं आपटली की पोहे सतरंजीवर सांडले. काकूंनी ते गोळा केले.

काकू तापानं गेल्या. आठवडाभर मी उशाशी होते. मालक गवतासाठी रेल्वेच्या वाघिणी मिळवायला कल्याणला आणि परत असे खेटे घालत होते. काकूंनी मला एकदाच विचारलं, "जोत्यावरचं गवत हललं का गं?" मी खोटंच सांगितलं, हललं म्हणून. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझा हात सोडला नाही. मला त्या खोट्याचं काहीच वाटत नाही. ते मला सांगायला लागलं, याची चीड येते.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. हे गेले होते, त्यांनी घरी येऊन सगळं सांगितलं. ऊन चढलं. कावळे झाडावर बसलेले, एक खाली उतरेना. भटजी म्हणाले, गेलेल्या बाईची काही इच्छा राहिली असेल, बोलून दाखवा. मालक म्हणाले, ब्राह्मणभोजन घालीन. कावळा नाही. देवळाला समई देईन. कावळा नाही. तिच्या माहेरच्या देवीची ओटी सोन्याच्या खणानं भरीन. कावळे ढिम्म. सगळ्यांना ठाऊक होतं हो काय राहिलंय ते, पण म्हणणार कोण? शेवटी आमच्या ह्यांनीच, जन्मात कधी तोंड न घालणाऱ्या माणसानं, हळूच म्हटलं, "वाचनालयाचं म्हणा."

मालकांनी हात जोडले. "वाचनालय बांधीन. येत्या पाडव्याच्या आत जोतं मोकळं करीन." आणि कावळा उतरला. ह्यांनी शपथेवर सांगितलं, शब्द पुरा व्हायच्या आत उतरला.

मी त्या रात्री रडले, पण सुखानंही रडले. वाटलं, जाता जाता काकूंनी करून घेतलं.

पाडवा आला. त्या वर्षी गवताला भाव चढला होता. मालक म्हणाले, आत्ता माल हलवला तर बुडालो, हा एवढा हंगाम जाऊ द्या. हंगाम गेला. मग पुढचा पाडवा. मग त्या शब्दाबद्दल बोलणंच बंद झालं. बायकोला जिवंतपणी फसवणारे पुष्कळ पाहिलेत मी. मेलेल्या बायकोला, नदीकाठी उभं राहून, पिंडापुढं हात जोडून फसवणारा हा एकच. आणि हाच माणूस एकेकाळी पुस्तकातल्या खोट्या गवयासाठी, खोट्या वैद्यासाठी डोळ्यांत पाणी आणत होता!

मग मोटारी आल्या. मुंबईचे तबेले ओस पडू लागले. गवत कुणाला हवंय? दलाल आधी पत्र टाकायचा, मग तेही बंद झालं. गासड्या जागच्या जागी कुजल्या. आधी दिवाणजी गेला, मग काचेचं कपाट गेलं, शेवटी वखारीचे पत्रे आणि खांबसुद्धा कुणी काढून घेऊन गेलं. कारवीचा कूड वाळवीनं खाल्ला होता, तो आपोआप बसला. मालकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले.

मागच्या थंडीत त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी जाणार नव्हते. पण गेले. खाटेवर बसले होते, भोवती जमिनीवर पुस्तकांचे ढीग, कपाट गेल्यामुळे तसेच रचलेले.

"सूनबाई, वाचून दाखवता काहीतरी? दिवस सरत नाही."

मी ढिगातून तेच पुस्तक काढलं. होडीवाल्याच्या मुलाचं. टरकलेल्या पानावरून सापडलं. म्हटलं, "हे शेवटाशी शिवलेलं आहे."

"उसवा," ते म्हणाले. "पाहू तरी, त्या लेखकानं काय केलंय."

अंबाड्यातला आकडा काढून मी टाके उसवले. दोरा कुजलेला होता, पटापट तुटला. आतली पानं अगदी नव्यासारखी करकरीत. मी वाचू लागले. तो होडीवाल्याचा मुलगा जहागिरीची सनद राजाच्या पायाशी ठेवतो. राजवाडा अर्धा सोडून पायी घरी येतो. नदीवर त्याला मदतीला कुणी नाही, मग गावातली माणसं एकेक दगड घेऊन येतात. काही कमानी उभ्या राहतात. पुस्तक संपतं तेव्हा पूल अर्धाच झालेला असतो, पलीकडचा काठ दिसत असतो आणि तो आणखी एक दगड उचलायला वाकलेला असतो.

इतकी वर्षं ते तिथं होतं. दोऱ्याच्या आत.

"एवढंच?" मालक म्हणाले.

"एवढंच."

"गाढव आहे!" त्यांनी खाटेवर मूठ आपटली. "अहो, आधी जहागीर घ्यायची! चालून आलेली लाथाडतं का कुणी? राजवाडा पुरा करायचा, चार पैसे गाठीला बांधायचे, मग एक सोडून दहा पूल बांधता आले असते! काय मिळवलं त्यानं? अर्धा पूल! लेखकाला व्यवहार कळत नाही. खोटं आहे हे सगळं. असं कुणी करत नसतं."

मी ऐकत राहिले. एकेकाळी ज्या श्रीमंतांची त्यांनी नाकातून बोलून टिंगल केली, ते आता त्यांच्याच साध्या, मायाळू आवाजात बोलत होते.

"तुम्ही घेतलीत की जहागीर," मी म्हटलं. "पूल कुठाय?"

ते चाचपत उशी सरळ करू लागले.

"काकूंच्या पाटल्या कुठायत, मालक? बुधीची कारवी कुठाय? पिंडापाशी हात जोडून काय म्हणाला होतात? आणि ह्या लेखकानं नायकाला विकला म्हणत होतात! त्यानं कुणाला विकलेलं नाही. तुम्ही त्याचं तोंड शिवून ठेवलंत, उघडून बघितलंसुद्धा नाहीत!"

मग हात चाचपत पुढं करून, लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाले, "छपरापुरतं जमत आलं होतं हो, सूनबाई. अगदी थोडक्यात राहिलं."

मला रडूही आलं आणि त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. पुस्तक पदराखाली घेतलं आणि निघाले. त्यांनी विचारलं, "नेताय का?" मी म्हटलं, "हो, नेतेय." दुसऱ्या दिवशी जाऊन बाकीचीही आणली. त्यांनी अडवलं नाही.

जोतं अजून आहे. वरचं सगळं गेल्यावर ते पुन्हा जसं होतं तसं उघडं पडलं. कुजकं गवत मी आणि शेजारणींनी टोपल्यांनी उपसलं, सारवलं. नदीच्या बाजूच्या कडेला पांढऱ्या रेघेचा माझा धोंडा जागच्या जागी सापडला. जागा मालकांची असेल, तो धोंडा माझा आहे. मी कुणाची परवानगी मागितलेली नाही.

दुपारी कामं उरकली की आम्ही तिथं जमतो. बुधी आता म्हातारी झाली, नातीचा हात धरून येते आणि कडेला न बसता मधोमध बसते. मी वाचते. सगळी शेवटची प्रकरणं आम्ही उसवून वाचतो. काही लेखकांनी नायक खरोखर विकलेला असतो. मग आम्ही बायका त्या लेखकाला यथेच्छ शिव्या घालतो आणि बुधी म्हणते, "जाऊ द्या गं, दुसरं लावा."

परवा मालकांनी माडीच्या खिडकीतून हाक मारली. दिसत नाही, पण आमचे आवाज त्यांना तिथवर ऐकू येतात.

"सूनबाई! वर छप्पर नाही. पावसाळ्यात काय करणार?"

"पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू," मी म्हटलं, आणि पान उलटलं.